विरजण नेणारी माणसं

सकाळी शेजारची शांता वाटी घेऊन आली. "आक्का, विरजण द्या की जरा." दिलं चमचाभर. आमच्यात विरजण न्यायला आलेली बाई उभ्या उभ्या जात न्हाई. उंबऱ्यावर टेकली, सुनेची गाऱ्हाणी सांगितली, मग गेली. घर परत गप झालं.

माझी लेक परदेशात संशोधन करते. मालक गेल्यावर लोकांच्या रानात खुरपून मी तिला शिकवली. दुपारी तिचा फोन आला. "आई, मी मातीच्या अभ्यासावर लिहिलेलं आता डॉक्टर लोकपण वापरतात, आभाळाचा अभ्यास करणारेपण. आणि त्यांच्या लेखाखाली माझं नाव लिहितात."

म्हणलं, "म्हंजी तुझ्याकडनं विरजण नेत्यात. दारात येत्यात का गं?"

हसली. "दारात कोण येतंय, आई? मला कुणी बघितलंपण नाही."

विरजण देऊन आपलं दही कमी होत न्हाई, ते खरं. पर एवढी माणसं नेत्यात, आन् लेकीच्या उंबऱ्यावर घटकाभर कुणी टेकत न्हाई.

मग ती हळूच म्हणाली, "आज काय केलंस गं जेवायला?"

मी पिठलं कसं टाकलं ते सांगत बसले. तिनंबी फोन ठेवायची घाई केली न्हाई.