पगाराला बघू!

जुनी माणसं भेटली की किस्से आपोआप निघतात. एक निघाला की त्याच्या मागोमाग दुसरा, आणि घरातली तरुण मंडळी हळूच उठून आतल्या खोलीत जातात! परवा नातवाला बँकेतून फोन आला, कार्डाचे पैसे थकले म्हणून. तो म्हणाला, "सॅलरी झाली की बघतो." मी खुर्चीत बसल्या बसल्या थेट अंबरनाथला जाऊन पोचलो. कर्जं केव्हाच फिटली हो, किस्से तेवढे राहिले.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. अंबरनाथच्या एका कारखान्यात आम्ही मशीन शॉपला होतो. मी टर्नर. विनायक सावंत फिटर. बदलापूरजवळच्या शिरगावहून सायकल मारत येणारा सखाराम हेल्पर. आणि स्टोअरमध्ये बसणारे फडकेकाका, आमच्यापेक्षा वयाने मोठे आणि सल्ले द्यायला सदैव तयार.

चौघांच्या घरचा किराणा एकाच दुकानातून यायचा, तोलारामच्या. फाळणीत सिंध सोडून आलेला माणूस. उल्हासनगर हे नाव तेव्हा नवं होतं, आम्ही कॅम्पच म्हणायचो. तिथल्या बराकीत पुढे त्याचं दुकान, मध्ये गोणपाटाचा पडदा आणि मागे संसार. तो उधार द्यायचा, दागिना तारण घेऊन रोख पैसेही द्यायचा. "साईं, पैसा कधी?" असं त्याने विचारलं की आमचं सगळ्यांचं उत्तर एकच. "पगाराला बघू!"

पडद्यामागे त्याची बायको असायची. तिला मराठीचा एक शब्द येत नाही, असं तोलाराम सांगायचा.

विनायकच्या मुलीला विषमज्वर झाला तेव्हा इंजेक्शनं भलतीच महाग होती. मुलगी वाचली, पण सुमतीवहिनींच्या सोन्याच्या पाटल्या तोलारामच्या पेटीत गेल्या. किराण्याची बाकी होतीच, ती वेगळी. आणि वैशाखात वहिनींच्या धाकट्या भावाचं लग्न निघालं, तिकडे राजापूरकडे. पाटल्या माहेरच्या, वडिलांनी दिलेल्या. गहाण पडल्याचं माहेरी कुणाला ठाऊक नव्हतं.

"आई आधी माझे हात बघेल, मग तोंड," वहिनी म्हणाल्या.

त्या दिवसापासून पाटल्या सोडवणं हे अख्ख्या मशीन शॉपचं काम झालं!

* * *

पहिला सल्ला अर्थातच फडकेकाकांचा. "खर्च कमी करा! विनायका, आजपासून बिडी बंद."

विनायकने मशीनवर हात ठेवून शपथ घेतली. खरंच त्या दिवसापासून त्याने एकही बिडी विकत घेतली नाही. महिनाअखेरीला काकांनी मोठ्या कौतुकाने विचारलं, "मग? काय शिल्लक पडलं?"

सखाराम मागे उभा होता. आपलं रिकामं बंडल काकांपुढे धरून म्हणाला, "काका, त्याची बिडी सुटली नाय. फकस्त खिसा बदलला!"

* * *

मग निघाली सोसायटीची टूम. कामगारांच्या सोसायटीतून एक मोठं कर्ज काढायचं, त्यातून दूधवाला, कापडवाला आणि तोलाराम अशा सगळ्यांना मोकळं करायचं आणि मग एकाच ठिकाणी हप्ता भरत बसायचं. कल्पना उत्तम होती. फक्त दोन जामीन हवे होते.

विनायकला जामीन मी आणि सखाराम. अर्ज घेऊन सेक्रेटरीसमोर उभे राहिलो. त्याने कागद चाळले आणि चष्मा कपाळावर सरकवला. कारण माझ्या आधीच्या कर्जाला जामीन होता विनायक, आणि सखारामच्या कर्जाला जामीन होतो मी!

"तुमच्यातला पोहणारा कोण आहे?" त्याने विचारलं.

शेवटी फडकेकाकांनी सही केली तेव्हा थोडंसं कर्ज मिळालं. पाटल्यांपर्यंत ते पोचणारच नव्हतं, म्हणून आधी दूधवाल्याची बाकी चुकती केली. तो इतका खूश झाला, की दुसऱ्या दिवसापासून न सांगता जास्त दूध घालायला लागला. "आता काय, तुमचं खातं साफ आहे!" म्हणाला.

* * *

तोलारामला तोंड दाखवायची विनायकला लाज वाटायला लागली. कारखान्यातून घरी जायचा रस्ता त्याच्या दुकानावरून जात नव्हता, पण संध्याकाळी तोलाराम वसुलीला नेमका त्याच रस्त्याने यायचा. म्हणून एकदा विनायक मला घेऊन लांबच्या वाटेने, शंकराच्या देवळाकडून निघाला. देवळाच्या मागच्या बाजूला वळलो, तर तिथे दगडाला पाठ लावून तोलाराम बसलेला!

विनायकचे पायच उचलेनात. तोलाराम मात्र आमच्यापेक्षा जास्त दचकला. मग हळू आवाजात म्हणाला, "बसा साईं, बसा. उभा नका राहू, दिसेल."

"कुणाला दिसेल?"

"कल्याणचा होलसेलवाला आलाय. दुकानात बसलाय माझ्या वाटेला डोळा लावून!"

मग काय, तिघेही बसलो. विनायकने शेंगदाणे काढले. तोलारामचेच होते, उधारीचे. ते खात खात तो सांगायला लागला. तिकडे सिंधमध्ये तोलारामचं मोठं दुकान होतं. अर्धं गाव त्याचं देणं लागायचं. एका दिवसात कुलूप लावून निघाला.

"घरात पितळ होतं साईं, तांबा होता, बायकोने भिंतभर मांडलेलं. सगळं तिथेच. आणि माझे देणेकरी! किती खूश झाले असतील! बॉर्डर पडली आणि सगळ्यांचं खातं साफ!"

असं म्हणून तो मोठ्याने हसला. आम्हीही हसलो, पण ते हसणं मला आजही नीट गिळता येत नाही. अंधार पडेपर्यंत आम्ही तिथेच होतो. होलसेलवाला गेला असेल याची खात्री झाल्यावर तोलाराम उठला, धोतर झटकलं आणि विनायककडे बघून म्हणाला, "बरं झालं भेटलात. पैसा कधी?"

"पगाराला बघू!" विनायक म्हणाला.

* * *

पुरुषांच्या अकला संपल्या तेव्हा सुमतीवहिनींनी पदर खोचला. कॅम्पातल्या बायका पापड लाटून विकायच्या. वहिनी सरळ दुकानात गेल्या, पडदा बाजूला केला आणि तोलारामच्या बायकोसमोर बसल्या. तिला मराठी येत नाही, यांना सिंधी येत नाही. एकीने मिरी दाखवायची, दुसरीने मान हलवायची, असं सगळं शिक्षण झालं.

"किती उरकाची बाई आहे!" वहिनी घरी येऊन सांगत होत्या. "पण पीठ मळते ते चेपलेल्या जर्मनच्या पातेल्यात. घरात पितळेचं एक भांडं नाही हो." त्या तिला भाभी म्हणायला लागल्या.

पापड झाले फर्मास. मिरी जरा सढळ होती, एक पापड खाल्ला की माणूस तांब्याभर पाणी प्यायचा. तरी वस्तीत हातोहात खपले. विनायक हिशेब करायला बसला. "वहिनी, जमले का पैसे?" मी विचारलं.

वहिनींनी रिकामी परडी दाखवली. "घरोघरी गेले भावोजी. सगळ्यांनी घेतले. आणि सगळे म्हणाले, पगाराला बघू!"

त्यात आमची हीसुद्धा होती, हे मला नंतर कळलं.

* * *

वैशाख तोंडावर आला. पाटल्या पेटीतच. वहिनी बोलत नव्हत्या, पण काचेच्या बांगड्या हातात जास्त भरायला लागल्या होत्या. ते बघवत नव्हतं.

शेवटी फडकेकाकाच म्हणाले, "कर्ज फिटत नाही ना? मग तारण बदलू. लग्नापुरत्या पाटल्या सोडवायच्या आणि तोवर दुसरं काही ठेवायचं."

आमच्यापैकी कुणाकडे गुंजभर सोनं नव्हतं. होती ती भांडी. प्रत्येकाच्या लग्नात आलेली, नावं कोरलेली. आमची परात, सखारामचा तांब्याचा हंडा, विनायककडचे डबे, फडकेकाकूंचं घंगाळ आणि लोटा. सगळं पोत्यांत भरून, वहिनींना घेऊन आम्ही कॅम्पात गेलो आणि तोलारामच्या काउंटरवर मांडलं.

तोलारामने डोक्याला हात लावला. "साईं, पितळेचं सोनं नाय होत!"

"चार घरांच्या चुली तुझ्याकडे अडकवून ठेवतोय," काका म्हणाले. "याहून पक्कं तारण तुला कोण देणार?"

तोलाराम मान हलवत राहिला. एवढ्यात गोणपाटाच्या पडद्यामागून एक हात बाहेर आला आणि आमची परात आत ओढून घेतली. मग हंडा. मग घंगाळ. तोलाराम पडद्याकडे बघत राहिला आणि मुकाट्याने पेटी उघडून त्याने पाटल्या वहिनींच्या हातावर ठेवल्या.

वहिनी राजापूरला गेल्या. सखारामने शिरगावच्या रानातून पळसाची पानं आणली आणि चारही घरं पत्रावळींवर जेवायला लागली. आमची ही म्हणाली, "रोजच कुणाचं तरी लग्न असल्यासारखं वाटतंय!"

लग्न आटोपून वहिनी आल्या त्या स्टेशनवरून थेट कॅम्पात. आम्ही पोती घेऊन आधीच हजर होतो. कबूल केल्याप्रमाणे त्यांनी पाटल्या उतरवून तोलारामच्या हातात दिल्या.

"आई काय म्हणाली?" विनायकने विचारलं.

"हात धरून बघितले," वहिनी म्हणाल्या. "आणि म्हणाली, पाटल्या सैल कशा झाल्या गो?"

विनायक खाली बघायला लागला. मग आम्ही भांडी न्यायला पडद्याच्या आत गेलो आणि तिथेच थांबलो.

खोक्यांच्या फळ्या ठोकून तोलारामच्या बायकोने भिंतीला मांडणी केली होती. त्यावर आमची भांडी. चिंच आणि राख लावून अशी घासलेली, की आमचीच आम्हाला ओळखू येईनात. फडकेकाकूंचं नाव, सखारामच्या बायकोचं नाव, सगळी नावं पुढे करून ओळीने लावलेली. तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला, लोटा उचलला, पुसला, परत एकदा पुसला आणि आमच्यापुढे धरला. कुणाचाच हात पुढे होईना.

"अगोबाई!" सुमतीवहिनी एकदम म्हणाल्या. "पोती आणायलाच विसरलो की आपण! राहू दे भाभी, नंतर नेऊ."

सखाराम खांद्यावर पोतं टाकूनच उभा होता. त्याने वहिनींकडे बघितलं, पोतं हळूच खाली सोडलं आणि पायाने मागे सारलं. "व्हय, इसरलोच!"

तोलारामला काही समजेना. हातात पाटल्या, समोर भांडी. "पण साईं, सोनं पण माझ्याकडे, पितळ पण माझ्याकडे! आता व्याज कोणी कोणाला द्यायचं?"

तेवढ्यात त्या पदराआडून आवाज आला, स्वच्छ मराठीत.

"पगाराला बघू!"