अक्काचं जहाज

ज्या फोनची धास्ती आम्ही सगळा उन्हाळा उशाशी घेऊन झोपत होतो, तो फोन आला... पण उलट्या बाजूनं. आम्हाला वाटत होतं, एक दिवस अक्काचा फोन येईल आणि ती तिच्या मुलाबद्दल, नितीनबद्दल काहीतरी सांगेल. प्रत्यक्षात नितीनचाच फोन आला. मी मंचरला माझ्या छापखान्यात एका लग्नपत्रिकेची नावं तपासत होतो. तो एवढंच म्हणाला, "मामा, आई गेली." मला क्षणभर कळेचना. जो युद्धातून परत आला तो बोलतोय, आणि जी ओझरच्या खानावळीत लसूण सोलत बसली होती, ती गेली... हे मनात शिरायलाच तयार नव्हतं. आता काही आठवडे झालेत. तिच्याविषयी लिहावं असं वाटतंय, कारण त्या उन्हाळ्यात तिनं जे केलं ते घरातल्या दोघा-तिघांशिवाय कोणालाच माहीत नाही.

अक्का, म्हणजे कमल, ही माझी थोरली बहीण. आमचं मूळ गाव निमगाव सावा. लग्न होऊन ती ओझरला आली, आणि दाजींच्या थोडक्या रानात भागेना तेव्हा तिनं विघ्नहराच्या देवळाकडं जाणाऱ्या रस्त्यावर खानावळ टाकली. पत्र्याचं छप्पर, चार बाकडी, आत स्वयंपाकाची खोली. अष्टविनायकाच्या यात्रेला निघालेल्या गाड्या थांबायच्या. पिठलं-भाकरी रोजची, आणि आधी सांगितलं तर मासवडी. मासवडी करताना ती कोणाशी बोलत नसे. बेसन शिजवून, ओल्या फडक्यावर थापून, आत तीळ-खोबऱ्याचं सारण भरून ती गुंडाळी करायची, आणि वड्या अशा कापायची की एकही फुटायची नाही. नितीन तिचा एकुलता एक. लहानपणापासून त्या खोलीत तिच्या पायात पायात वाढलेला. पुढं तो स्वयंपाकाचं शिकला आणि जहाजावर खानसामा म्हणून लागला. तेही साध्या जहाजावर नाही, स्वयंपाकाचा गॅस वाहून आणणाऱ्या. अक्काला त्याची मोठी मौज वाटायची. आलेल्या पाहुण्याला शेगडी दाखवून ती म्हणायची, "ह्यात जळतंय ना, ते माझा पोरगा घेऊन येतो."

मग आखातात युद्ध पेटलं. पहिले काही दिवस ते टीव्हीवरच होतं. नंतर ते हळूहळू घाट चढून आमच्याकडं आलं. निमगावच्या आमच्या चुलतभावाची दुबईला निघालेली द्राक्षं बंदरावरून परत फिरली आणि नारायणगावात मिळेल त्या भावानं गेली. माझ्याकडं पत्रिका छापायला येणारे लोक जेवणावळीची ओळ कमी करून 'अल्पोपहार' घाला म्हणू लागले, कारण आचारी गॅसची हमी देईना. खानावळींना लागणाऱ्या मोठ्या टाक्या आधी उशिरा येऊ लागल्या, मग यायच्याच थांबल्या. आणि नितीनचं जहाज आखातातल्या एका बंदरात गॅस भरून, बाहेर पडायच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीच्या अलीकडं नांगर टाकून उभं राहिलं. पुढं जावं तर बाँब, आणि मागं जायला वाट नाही.

गॅस एजन्सीच्या दारात सकाळी रांग लागे. घरची एक टाकी तरी मिळावी म्हणून अक्काही जाऊन उभी राहायची. एकदा मी तिच्याबरोबर होतो. रिकाम्या टाक्या साखळीनं एकमेकींना बांधून ठेवलेल्या, ऊन चढत चाललेलं, आणि एजन्सीतला माणूस सारखा आत-बाहेर करत होता. लोक चिडलेले होते. कोणी कोणाला ढकललं म्हणून दोघं एकमेकांच्या अंगावर गेले. त्यांना सोडवता सोडवता आमच्या पुढचा एक गृहस्थ म्हणाला, की हे सगळं नाटक आहे, जहाजवाले मुद्दाम थांबतात, भाव चढला की सोडतात, त्यांना काय, एसीत बसून खातात. अक्का त्याच्याकडं वळली. मग हळूच, जणू वेळ विचारावी तशी, म्हणाली, "माझा पोरगा हाय त्या जहाजावर. त्याला इचारू का, मुद्दाम थांबलाय का म्हणून?" त्या गृहस्थानं मान खाली घातली आणि तिला पुढं जायची खूण केली. ती गेली नाही. आपला नंबर येईपर्यंत तिथंच उभी राहिली.

त्या दिवसापासून मात्र तिला सुटका उरली नाही. बाजारात, गिरणीत, देवळाच्या पायरीशी लोक विचारू लागले, "अक्का, काय म्हणतंय जहाज? निघालं का?" विचारणारे वाईट नव्हते. पण कोण नितीनसाठी विचारतंय आणि कोण टाकीसाठी, हे तिला उमगेना. तिनं बोलणंच कमी केलं. खानावळ मात्र बंद ठेवली नाही. मागच्या अंगणात विटा लावून चूल मांडली. समोरच्या खानावळीची शोभा... गाड्या कोणाच्या दारात थांबायच्या यावरून दोघींचं कित्येक वर्षं बोलणं नव्हतं... तीच एका सकाळी बाभळीचं सरपण घेऊन आली आणि म्हणाली, दोन चुली पेटवण्यापेक्षा एकच पेटवू. अक्कानं तिच्याकडं पाहिलं आणि बसायला पाट दिला. त्यापुढं दोघींच्या भाकऱ्या एकाच तव्यावर भाजल्या जाऊ लागल्या. टीव्हीवर आपला देश कोणाच्या बाजूनं, कोणाची जहाजं कोण सोडणार, याची चर्चा चालायची. अक्कानं मला विचारलं, "सदा, आपण कुणाच्या बाजूनं हाय?" मी म्हणालो, आपण दोघांशीही बोलतोय. ती म्हणाली, "बरं हाय. बोलत ऱ्हावं."

अशातच नितीनचा मला फोन आला. कंपनीनं कळवलं होतं की ज्यांना सामुद्रधुनीच्या त्या पट्ट्यातून जायचं नाही त्यांनी उतरावं, त्यांची हॉटेलात सोय करू. काही जण उतरले. नितीन उतरला नव्हता. आईला मात्र त्यानं सांगून टाकलं होतं की मी उतरलो, किनाऱ्यावर हॉटेलात आहे, विमानं सुरू झाली की येतो. माझ्यावर त्यानं ते सांभाळायची जबाबदारी टाकली. मी चिडलो. त्याला म्हणालो, अरे उतरायचं होतंस. तो म्हणाला, "मामा, बदली खानसामा मिळना. मी उतरलो तर राहिलेल्या लोकांना जेवायला कोण घालणार?" हे वाक्य त्यानं कोणाच्या स्वयंपाकाच्या खोलीत ऐकलं होतं, ते मला ठाऊक होतं.

मी मंचरहून रोज ओझरला जाऊ लागलो, पण चार दिवसही मला ते सांभाळता आलं नाही. अक्का भाकरी थापत होती. हात न थांबवता तिनं विचारलं, "नित्या उतरला न्हाई ना?" मी चुलीत सरपण सारू लागलो आणि तेच तिला पुरेसं झालं. ती रडली नाही. तव्यावरची भाकरी मात्र करपली, मी आयुष्यात पहिल्यांदा तिची भाकरी करपलेली पाहिली. ती बाजूला काढून ठेवत ती म्हणाली, "एका टाकीला आपण किती भितो सदा. वास आला तरी पळतो. आन ह्याच्या पायाखाली सगळं जहाजच भरलंय..." मग पदरानं तोंड पुसून तिनं मला बजावलं, "मला कळलंय हे त्याला कळू द्यायचं न्हाई. आई घाबरली म्हणून त्याचा हात कापंल. तापल्या तेलापाशी उभा असतो त्यो."

मग सुरू झालं ते मला अजून आठवतं. नितीन फोन करायचा, आणि अक्का त्याला त्या नसलेल्या हॉटेलाविषयी विचारायची. खोली केवढी आहे, खिडकी आहे का, भात मिळतो का. तो सांगायचा की खिडकी आहे, खाली चिंचेसारखं एक झाड आहे, सकाळी त्यावर पाखरं येतात. ती हसून म्हणायची, "मग बरं हाय की." फोन ठेवला की ती माझ्याकडं पाहायची नाही, सरळ चुलीपाशी जायची. त्या दिवसांत ती देवळातही गेली नाही. मी विचारलं तर म्हणाली, "देवानं इचारलं पोरगा कुठं हाय, तर काय सांगू? त्याच्यापुढं बी हॉटेलच सांगू का?"

एक दिवस फोन लागायचा थांबला. जहाज निघालं असणार, हे मी समजलो, तीही समजली. दुसऱ्या दुपारी टीव्हीवर सामुद्रधुनीत एका जहाजाला आग लागल्याची बातमी आली. काळा धूर दिसत होता, नाव दिसत नव्हतं. दाजी उठले आणि गोठ्यात जाऊन बसले. बाहेर यात्रेची एक मोठी गाडी उभी होती, मंडळींनी आदल्या दिवशीच मासवडी सांगून ठेवली होती. मी म्हणालो, शोभाताई बघतील, तू बस. तिनं ऐकलं नाही. ती फडक्यावर बेसन थापत राहिली, आणि माझे डोळे टीव्हीवरून तिच्या हातावर आणि हातावरून टीव्हीवर असे फिरत राहिले. वड्या कापता कापता ती एकदम थांबली. सुरी खाली ठेवली, छातीवर हात दाबला आणि पिठाच्या पोत्यावर टेकली. कपाळावर घाम डवरला होता. मी गाडी काढतो, नारायणगावला दवाखान्यात जाऊ म्हणालो. ती म्हणाली, "धुराचं हाय. जहाज किनाऱ्याला लागू दे, मग कुठं न्यायचं तिथं ने." थोड्या वेळानं ती उठली आणि तिनं उरलेल्या वड्या कापल्या. जळालेलं जहाज दुसऱ्याच कोणाचं होतं, हे संध्याकाळी कळलं. अक्का म्हणाली, "त्यावर बी कुणाचं तरी पोरगं असंल."

नितीनचं जहाज अखेर गुजरातच्या किनाऱ्याला लागलं. तो घरी आला तेव्हा उन्हानं काळवंडलेला, गालफडं बसलेली. अक्कानं त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि विचारलं की विमानात कानाला दडे बसले का. तो म्हणाला, थोडे बसले. दोघंही आपापलं खोटं सांभाळत समोरासमोर जेवले, आणि मी मधे बसून ताटाकडं पाहत राहिलो. पुढच्या काही दिवसांत टाक्या येऊ लागल्या. लोक तिला म्हणत, अक्का, तुमचं जहाज आलं. ती सगळ्यांशी पुन्हा नीट बोलू लागली. दवाखान्याचं मी दोनदा काढलं. नितीन सुट्टीवर आहे तोवर त्याला कशाला घोर, तो गेला की जाऊ, असं तिनं टाळलं. आणि एका दुपारी, शोभाशी बोलता बोलता, लसणाची पाकळी हातात असतानाच ती कलंडली. डॉक्टर म्हणाले, हृदय आधीपासून दुखावलेलं होतं. कधीपासून, ते मी त्यांना सांगितलं नाही. युद्धात गेलेल्यांत तिला कोण धरणार?

दशक्रिया विधी आटोपून कुकडीच्या काठावरून आम्ही परतलो. माणसं पांगल्यावर नितीन आणि मी बंद खानावळीत जाऊन बसलो. त्यानं गार पडलेल्या शेगडीवरून हात फिरवला. मग म्हणाला, "मामा, आईला माहीत व्हतं ना?" मी हो म्हणालो. ती काय म्हणाली होती, तेही सांगितलं. त्याला आश्चर्य वाटलं नाही. तो म्हणाला, "जहाज निघायच्या आधीचा शेवटचा फोन. ठेवता ठेवता आई म्हणाली, 'सगळ्यांना पोटभर जेवू घाल बाबा.' हॉटेलात मी एकटा व्हतो ना मामा? मग सगळ्यांना म्हणजे कुणाला?" मग त्यानं सांगितलं, की त्या दिवशी त्यानं भांडारातलं होतं नव्हतं तेवढं बेसन काढलं आणि जहाजावरच्या सगळ्यांसाठी मासवडी केली. कोणाला त्या पदार्थाचं नाव उच्चारता येत नव्हतं. पण दिवे मालवून जहाज पट्ट्यात शिरलं, तेव्हा एकही माणूस उपाशी नव्हता.

आम्ही उठणार एवढ्यात बाहेर गाडी थांबली. दारात एक म्हातारं जोडपं आलं, दर्शन करून निघालेलं. बाईंनी आत डोकावून विचारलं, "इथल्या अक्का कुठं गेल्या? जेवायला मिळंल का?" मी काही सांगणार, तोच नितीननं डोळे पुसले, बाकड्यावरची धूळ हातानं झाडली आणि म्हणाला, "बसा. पिठलं टाकतो."