आवाज फाटतो तिथे

फोन आला तेव्हा मी मस्कतजवळच्या रुसैलच्या औद्योगिक वसाहतीतून घरी निघालो होतो. नंबर पुण्याचा होता आणि पलीकडे प्रदीपची मुलगी, मैत्रेयी. मस्कतमध्येच वाढलेली, मराठी अडखळत बोलणारी. "काका, बाबा... बाबा एक्स्पायर झाले. सकाळी," एवढं ती म्हणाली आणि मग तिला कोणत्याच भाषेत पुढे बोलता येईना. मी गाडी कडेला घेतली. बातमी अनपेक्षित नव्हती. गेले कित्येक महिने आम्ही सगळेच त्या बातमीची वाट पाहत होतो, हे लिहितानाही वाईट वाटतं. तरी बाजूने ट्रक धडधडत जात होते आणि मला गाडी पुन्हा सुरू करणं जमत नव्हतं.

प्रदीप गायकवाड रुसैलच्या एका कारखान्यात मेंटेनन्स इंजिनियर होता आणि मी शेजारच्या गोदामात डिस्पॅच बघतो. एकदा माझ्या गाडीची बॅटरी बसली होती म्हणून त्याने केबल काढायला आपली डिकी उघडली, तर आत गिटार. मीही कॉलेजात वाजवायचो, असं सहज बोलून गेलो. "मग शुक्रवारी ये," तो म्हणाला. पुढची आठ-नऊ वर्षं मस्कतच्या माबेला भागात, त्याच्या तळमजल्यावरच्या घरात आमचे शुक्रवार गेले. ब्लूज आणि सत्तरच्या दशकातलं रॉक, दुसरं काही नाही. मी मागे कॉर्ड धरायचो, पुढे तो असायचा.

अ‍ॅम्प्लिफायर त्याने स्वतः बांधला होता. जुन्या धाटणीचा, आजोबांच्या रेडिओत असायचे तसे काचेचे व्हॉल्व्ह असलेला. एकेक भाग मागवून, ऑफिसातून आल्यावर सोल्डरिंग करत त्याने तो वर्षभर जुळवला. लावला की आधी व्हॉल्व्ह तापू द्यायचे, मग वाजवायचं. संगीतावहिनी म्हणायच्या, "बाहेर एवढं ऊन, आणि ह्यांनी घरात हीटर आणलाय." पण त्यातून निघणारा आवाज कुठल्या नव्या अ‍ॅम्पमधून निघत नाही. हळू वाजवलं तर स्वच्छ, आणि तार जोरात ओढली की कडेला किंचित फाटणारा. एकदा मी विचारलं, तुला हे कुठून लागलं? तो म्हणाला, "आमचे बाबा जयंतीला भीमगीतं म्हणायचे. वरच्या सुरात आवाज फाटायचा त्यांचा. लोक तिथेच रडायचे... मला तेवढंच हवं असतं."

शेजारचे ओमानी गृहस्थ, सालिम, एकदा दारात आले. आम्हाला वाटलं, आता भांडण. ते खाली मान घालून त्यांच्या हिंदीत म्हणाले, "अम्मा बीमार है. थोडा कम करो." प्रदीपने कमी केलं नाही, बंदच केलं. सगळा हिवाळा आम्ही अ‍ॅम्पशिवाय, नुसत्या तारांवर वाजवलं. त्यांची आई गेल्यावर बऱ्याच दिवसांनी सालिम खजूर घेऊन आले आणि म्हणाले, "अब बजाओ. घर बहुत चुप है."

त्यानंतरच्याच उन्हाळ्यात प्रदीपच्या डाव्या हाताची अनामिका तार ओढेनाशी झाली. आधी त्याने बारीक तारा लावल्या, मग त्याहून बारीक. मग सूर खाली उतरवला, म्हणजे तारेला ताण कमी पडेल. मला वाटलं, वयाने सांधा धरला असेल. त्यालाही तेच वाटत होतं, किंवा तसं दाखवत होता. मग कारखान्यात त्याच्या हातातून पाना निसटून पडायला लागला. तपासण्या झाल्या. निदान होतं मोटर न्यूरॉनचं. हात जाणार, मग पाय, मग गिळणं, मग श्वास. शेवटपर्यंत डोकं मात्र शाबूत. मला सांगताना तो एवढंच म्हणाला, "डॉक्टरला विचारलं, डावा किती दिवस राहील? तो म्हणाला, डावा आधी जाईल."

कंपनीने काही महिने टेबलाचं काम दिलं, मग नोकरी गेली आणि नोकरीबरोबर इथला मुक्कामही. ते पुण्याला निघायच्या आदल्या संध्याकाळी मी गेलो तेव्हा घर मोकळं झालं होतं. हॉलमध्ये फक्त व्हीलचेअर आणि अ‍ॅम्प. त्याची जीभ जड झाली होती, शब्द ओळखून घ्यावे लागत. "वाजव," तो म्हणाला. वहिनींनी त्याचा हात उचलून अ‍ॅम्पच्या पेटीवर टेकवून ठेवला. मी वाजवायला लागलो.

"मोठा कर."

मी आवाज वाढवला.

"अजून."

वरचा सूर ओढला आणि तो फाटला. प्रदीपचा चेहरा वेडावाकडा झाला, खांदे हलायला लागले. त्या आजारात हसण्या-रडण्यावरचा ताबाही सुटतो, त्यामुळे तो हसत होता की रडत होता, मला आजही सांगता येणार नाही. वहिनी मागून त्याची मान धरून उभ्या होत्या. शांत झाल्यावर तो म्हणाला, "घेऊन जा तू."

पुढे व्हिडिओ कॉलवर तो नुसता पापण्या हलवायचा. एकदा मी फोन अ‍ॅम्पसमोर धरून वाजवलं. त्याने डोळे मिटून घेतले ते मी थांबेपर्यंत उघडलेच नाहीत. वहिनी हळूच म्हणाल्या, "नको भाऊजी. त्यांना त्रास होतो." मी पुन्हा तसं केलं नाही.

ते पुण्याला गेल्यापासून अ‍ॅम्प माझ्या हॉलमध्ये आहे. त्यातले व्हॉल्व्ह त्याने निवडून, चार-चार जोड्या ऐकून लावलेले. वाजवलं की ते झिजतात, बदलले की आवाज बदलतो. म्हणून प्रदीप गेल्यावर मी अ‍ॅम्पला हातच लावत नव्हतो. गेल्या आठवड्यात फोनवर वहिनींना तसं सांगितलं.

"वाजवा भाऊजी," त्या म्हणाल्या. "जपायचा होता तो माणूस. त्याला जपता आलं नाही. आता त्या काचा कशाला जपता?"

या शुक्रवारी दुपारी मी तो लावला. एका व्हॉल्व्हची काच आतून काळवंडत चालली आहे आणि वरचा सूर पूर्वीइतका धारदार राहिलेला नाही. नवी जोडी आणून कपाटात ठेवली आहे... अजून लावलेली नाही.