न वाजणारा कागद
कोऱ्या कागदाचा वास आला की मला अकोल्याच्या छापखान्यातली ती मे महिन्यातली दुपार आठवते. आमच्या पेटीच्या बाईंना त्यांनी शिकवलेल्या भजनांच्या स्वरलिपीचं पुस्तक छापायचं होतं आणि सोबत मी होते. छापखान्याचा मालक चमकदार कागद पुढे करत होता. बाईंनी आधी कूलर बंद करायला लावला, मग एकेक नमुना कानाशी धरून उलटला. घामाघूम मालकानं विचारलं, "कानानं काहून पाहून राहिल्या, बाई?" "डोयाले आता दिसतेच किती? गाणं चालू असताना पान वाजलं नाही पाहिजे," म्हणत त्यांनी मऊ, पिवळसर कागद निवडला. परवा अमरावतीला त्यांच्या आठवणीत कार्यक्रम झाला. गाताना मी त्याच पुस्तकाचं पान उलटलं. ते जरासुद्धा वाजलं नाही, म्हणून सवयीनं पेटीकडे पाहिलं. पेटीवर दुसरंच कोणी होतं.