माझ्या भित्र्या रूममेटचा डावा डोळा

माझ्या रूममेटइतका भित्रा माणूस अख्ख्या मिशिगनमध्ये दुसरा नसावा. ॲन आर्बरच्या एका लहानशा अपार्टमेंटमध्ये आम्ही तीन वर्षं एकत्र काढली. तो नागपूरचा, केमिस्ट्रीत पीएचडी करणारा, काडीसारखा बारीक. तो खारींना घाबरायचा, निसरड्या बर्फाला घाबरायचा आणि फोडणी घालण्याआधी मला वर्तमानपत्र घेऊन स्मोक अलार्मखाली वारा घालत उभं करायचा. बसमध्ये सीट कायम ड्रायव्हरच्या मागची. "ड्रायव्हर स्वतःला वाचवणारच. त्याच्या मागे बसलं की आपणही वाचतो," हे त्याने इतक्या गंभीरपणे सांगितलं, की पुढे मीही तिथेच बसायला लागलो. सुईची तर अशी दहशत, की विद्यापीठाच्या दवाखान्यातली तपासणी तो दर वर्षी कॅन्सल करायचा. भीती नव्हती ती फक्त खाण्याची. रोज सकाळी चार अंड्यांचं चीज घातलेलं ऑम्लेट आणि बटरमध्ये न्हालेले ब्रेड. मी काही बोललो, की शर्ट वर करून फासळ्या दाखवायचा. "यात कोलेस्टेरॉल राहणार कुठे, यार?"

दोन हजार चारच्या फेब्रुवारीत एका सकाळी त्याने चहा कपात न ओतता कपाशेजारी ओतला. मी हसलो. तो हसला नाही. फडकं घेऊन टेबल पुसत राहिला, पुसून झालं तरी पुसतच राहिला. मग म्हणाला, "डाव्या डोळ्याला खालचं अर्धं धूसर दिसतंय."

"कधीपासून?"

"परवापासून."

"आणि गप्प बसलास?"

"बोललो असतो तर ते खरं झालं असतं."

मी त्याला तसाच जॅकेट घालून बाहेर काढला. त्या दिवशी बसमध्ये तो मिळेल त्या सीटवर बसला, आणि त्यानेच मला जास्त धडकी भरली. डोळ्यांच्या डॉक्टर वयस्कर होत्या, हळू बोलणाऱ्या. बराच वेळ उजेड टाकून त्यांनी आत पाहिलं. डोळ्याच्या पडद्यावरची एक रक्तवाहिनी बंद झाली आहे, म्हणाल्या, सव्विसाव्या वर्षी हे सहसा होत नाही, तेव्हा कारण शोधायला हवं. रक्त काढताना त्याने माझा हात असा धरला, की माझीच बोटं पांढरी पडली.

रिपोर्ट ऐकायला मीही गेलो. कोलेस्टेरॉल भयंकर वाढलेलं होतं. एवढं केवळ खाण्याने वाढत नाही, बहुधा घराण्यातून आलेलं आहे, असं सांगून डॉक्टरांनी वडिलांबद्दल विचारलं. आम्हा सगळ्या मित्रांना त्याने सांगितलं होतं, की वडील अपघातात गेले. तो खाली बघत म्हणाला, "हार्ट अटॅक. एक्केचाळिसाव्या वर्षी. ऑफिसात बसल्या बसल्या." मग त्यांनी विचारलं, भावंडं आहेत का. एकोणीस वर्षांची एक बहीण होती. तिचंही रक्त लगेच तपासून घ्या, डॉक्टर म्हणाल्या.

घरी आल्यावर तो भारतात फोन लावायचं कॉलिंग कार्ड हातात घेऊन सोफ्यावर बसून राहिला. इतकी वर्षं ज्या एका गोष्टीला घाबरून तो बाकी सगळ्यांना घाबरत होता, ती आता त्याला स्वतःच्या तोंडाने आईला सांगायची होती. मी म्हटलं, हवं तर मी बोलतो. त्याने मान हलवली आणि नंबर फिरवला. "आई, आधी बस बरं," तो म्हणाला. त्याचा आवाज अजिबात कापला नाही. 

बहिणीचंही कोलेस्टेरॉल तसंच वाढलेलं निघालं. पण वेळेत कळलं, गोळ्या सुरू झाल्या, डोळे आणि हृदय ठीक होतं. तो उकडलेल्या भाज्या निमूटपणे गिळू लागला आणि दर तीन महिन्यांनी स्वतः रक्त द्यायला जाऊ लागला. मी आपला रोज सकाळी आळीपाळीने एकेक डोळा मिटून खिडकीबाहेरचं झाड बघायचो, पूर्ण दिसतंय ना म्हणून. त्याच्या डोळ्यावर लेझरचे उपचार झाले, औषधं झाली. धूसरपणा थोडा निवळला, गेला नाही.

पुढे त्याला दुसऱ्या राज्यात, कॅरी नावाच्या गावी एका औषध कंपनीत नोकरी लागली. निघायच्या दिवशी बॅगा गाडीत ठेवून, वर घरात एकदा नजर टाकून आम्ही शेवटच्यांदा जिना उतरत होतो. अंतराचा अंदाज चुकायचा, म्हणून तो प्रत्येक पायरी पावलाने चाचपत होता. मी कोपर धरायला हात पुढे केला.

"राहू दे रे," तो म्हणाला, "जमतं आता."

मी हात मागे घेतला. पण खाली पोचेपर्यंत त्याच्या एक पायरी पुढेच चालत राहिलो.