आफरीनचं वजन वाढलं

“कमी. आज पण कमी.”

सिस्टरांनी मुलीला काट्यावरून उचललं आणि तिच्या आजीच्या मांडीवर दिलं. आजीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तिने माझ्या चाहुलीच्या दिशेने मान वळवली आणि म्हणाली, “बाई, तुमी माह्या पोट्टीले सुकवून राहिल्या.”

अकोल्याच्या एका सरकारी दवाखान्यातला हा मुलांचा वॉर्ड. मी तिथे डाएटिशियन, म्हणजे आहारतज्ज्ञ. बऱ्याच जणांच्या मते मी स्वयंपाकघराची मुकादम होते. भाजीत मीठ कमी पडलं की तक्रार माझ्याकडे यायची. खरं काम वेगळं होतं. कुपोषित मुलांना काय, किती आणि कोणत्या क्रमाने खायला द्यायचं, ते ठरवायचं. काय आणि किती हे लोक ऐकतात. क्रम कोणी ऐकत नाही.

वॉर्डात एक जुनी पद्धत होती. सकाळी मुलांची वजनं व्हायची आणि सिस्टर प्रत्येकाचा निकाल मोठ्याने सांगायच्या. आयांना हुरूप यावा, हा हेतू. ज्या मुलाचं वाढलं, त्याची आई दिवसभर ताठ मानेने फिरायची. ज्याचं घटलं, त्याच्या आईला बाकीच्या जणी न विचारता सल्ले द्यायच्या. आफरीन भरती झाल्यापासून तिच्या आजीला एकच शब्द ऐकू येत होता, कमी.

आफरीन अडीच वर्षांची. गाल फुगलेले, पाय गुबगुबीत. लांबून पाहणारा म्हणेल, खात्यापित्या घरची आहे. जवळ गेलं की केस तांबूस आणि विरळ दिसायचे, कातडीचे पापुद्रे निघालेले. आणि ती रडत नव्हती. सुई टोचली तरी नाही. मी पहिल्या दिवशी तिच्या नडगीवर अंगठा दाबून धरला. अंगठा काढला तरी खळगा तसाच राहिला. ते बाळसं नव्हतं, पाणी होतं. महिनोन्‌महिने पोटात नुसतं पीठ, बटाटा आणि तेल गेलं, डाळ-दूध-अंडं मिळालं नाही, वरून ताप-जुलाब झाले, की काही मुलांच्या अंगात असं पाणी साचतं. कुपोषणाचा हा सगळ्यात फसवा प्रकार. हाडाचा सापळा झालेलं मूल पाहून लोक घाबरतात तरी. सुजलेल्या मुलाचे गाल ओढतात.

“काय खाते ही?” मी आजीला विचारलं होतं.

“खाते ना. बोंडा खाते, चायमंदी टोस्ट खाते. उपाशी नाई ठेवत आमी हिले. घरचाच धंदा हाय आमचा.”

धंदा आफरीनच्या बापाचा, रफीकचा. हे लोक तेल्हाऱ्याकडचे पिंजारी. कापूस पिंजायचा, गाद्या आणि रजया भरून द्यायच्या, हे त्यांचं पिढ्यांचं काम. कापूस घरात आला की गावातले लोक लग्नकार्यासाठी गाद्या भरून घ्यायचे. त्या वर्षांत कापसाचंच काही खरं नव्हतं, तर नवी गादी कोण भरणार? रफीकने कापूस पिंजायची धुनकी माळ्यावर टाकली आणि बिऱ्हाड अकोल्याला आणलं. कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्याच्या फाटकाजवळ आलूबोंड्याची गाडी लावली. बायको नजमा त्याच जिनिंगमध्ये कापसातला कचरा वेचायला जायची. आफरीन दिवसभर आजीजवळ. गाडीवर उरलेला बोंडा हेच तिचं दुपारचं आणि संध्याकाळचंही जेवण.

रफीकला आपल्या गाडीचा अभिमान होता. “गरिबाचं पोट भरते माह्या गाडीवर, म्याडम,” तो म्हणायचा. खोटं नव्हतं ते.

आमच्या विभागाचे प्रमुख, ज्यांना आम्ही नुसतं सर म्हणायचो, तेही त्याच्याच बाजूचे. हुशार डॉक्टर, पण वाद घालायची भारी हौस.

“मॅडम, तुम्ही त्या बोंड्याच्या मागे का लागलाय? तेल आहे, बटाटा आहे, बेसन आहे. बेसन म्हणजे डाळच ना? हमालाला इतक्या स्वस्तात इतक्या कॅलरी दुसरं कोण देतं?”

“हमालाला, सर. तो पोती वाहतो आणि घरी जाऊन भाकर-वरणही खातो. या मुलीचं पोट एवढंसं. एक बोंडा गेला की दुसऱ्या कशाला जागाच राहत नाही. आणि बेसन किती? वरचं पातळ कवच.”

“मग काय द्यायचं त्यांनी? दूध? अंडी?”

“डाळ तरी.”

“बाजारात डाळीचा भाव पाहिलात?”

पाहिला होता. ज्या मुलखात तूर पिकते, तिथल्या मजुराला तुरीचं वरण महाग झालं होतं. सरांचं म्हणणं बरोबर होतं आणि माझा संताप त्याचाच होता. पण डाळ महाग आहे म्हणून बोंडा पौष्टिक होत नाही, एवढं मी त्यांना सुनावलं. ते हसले आणि राउंडला निघून गेले.

आता क्रमाबद्दल. अशा मुलाला पहिल्या दिवसापासून भरपेट खायला घालावं, असं कोणत्याही आईला वाटतं. तिथेच घात होतो. शरीर कसंबसं चाललेलं असतं, हृदयही अशक्त असतं. एकदम जड खाणं, त्यात मीठ, हे त्याला झेपत नाही. म्हणून आधी पातळ, बिनमिठाचं दूध, थोडं थोडं, दिवसरात्र. सूज उतरू लागते. पाणी जातं म्हणून वजन कमी होतं. सुजलेल्या मुलाचं वजन सुरुवातीला घटणं ही चांगली खूण आहे. खरी भूक लागली, मूल चिडायला-हसायला लागलं, की मग पोटभर खाऊ घालायचं. तेव्हा वजन चढतं आणि ते खरं असतं.

हे मी आजीला सांगितलं. ती म्हणाली, “चमच्या-चमच्यानं दूध पाजता अन् म्हनता सुकली त बरं झालं. असा कोनता इलाज हाय, बाई?”

मग मी रफीकला गाठलं. पिंजाऱ्याला कळेल असं सांगावं, म्हणून म्हटलं, “रफीकभाई, ओला कापूस जड भरतो ना? वाळला की हलका. पण कामाचा कोणता?”

“वाळलेला.”

“तुमची मुलगी आत्ता ओली आहे. वाळू द्या तिला. मग आपण तिला भरू.”

तो हसला. त्याला पटलं, असं मला वाटलं. जाताना मात्र म्हणाला, “पन म्याडम, कापूस अन् लेकरू एक असते काय?”

पुढचे दोन-तीन दिवस बरे गेले. आफरीनचे डोळे नीट उघडू लागले, पावलांवरची सूज उतरून घोटा दिसायला लागला. एकदा तिने माझा पेन ओढला आणि मी काढून घेतला तर रडली. मला इतका आनंद झाला, की मी तो पेन तिलाच देऊन टाकला. मात्र सकाळचा शब्द तोच होता, कमी. शेजारच्या खाटेवरच्या बाईने आजीला सांगितलं, “माह्या पोराचं रोज वाढते. तुमच्या पोट्टीले काई देतच नाईत हे लोक.”

रविवारी माझी सुट्टी असायची. सोमवारी मी वॉर्डाच्या दारात पोचले, तर आत जत्रा भरल्यासारखा गलका. सिस्टर नव्या होत्या, त्यांनी नुकतंच आफरीनचं वजन सांगितलं होतं. वाढलं. चांगलंच वाढलं. आया आजीला शाबासकी देत होत्या. आणि रफीक मधोमध उभा राहून, लोक पेढे वाटतात तसे, प्रत्येक खाटेवर गरम बोंडा देत होता.

“घ्या म्याडम! तुमी पन घ्या. वाढलं!”

मी आफरीनकडे गेले. नडगीवर अंगठा दाबला. खोल खळगा. पापण्या पुन्हा फुगलेल्या. श्वास भरभर चाललेला. पेन खाटेखाली पडला होता, तिला त्याचं काही नव्हतं.

“काय खाऊ घातलं?”

आजी म्हणाली, “शनिवारपासून बोंडा देऊन राहिलो आमी. दूध नाई पाजलं. फेकलं. आता सांगा, तुमच्या दुधानं घटलं का नाई? आमच्या बोंड्यानं वाढलं का नाई? आता घरी नेतो आमी हिले.”

काटा तिच्या बाजूने होता, सिस्टर तिच्या बाजूने होत्या. साऱ्या वॉर्डाने कानांनी ऐकलं होतं. मी ओरडले. दवाखान्यात मी कधी ओरडत नसे, त्या दिवशी ओरडले. “हे पाणी आहे! मीठ गेलंय पोटात, त्याचं पाणी झालंय. हिला आत्ता नेलंत तर ही मुलगी मरेल!”

“असं अशुभ नका बोलू, म्याडम,” रफीक म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. हातात अजून दोन बोंडे होते.

सर आले. त्यांनीही खळगा पाहिला, छाती तपासली, आणि त्यांची सगळी थट्टा गळून पडली. त्यांनी रफीकला समजावलं, विनवलं, शेवटी दम भरला. आजीचा एकच हेका, घरी चला. तेवढ्यात नजमा जिनिंगमधून अर्धी रजा टाकून आली. केसांत, भुवयांवर कापसाचे तंतू. तिने मुलीच्या छातीवर हात ठेवला आणि मला विचारलं, “खरंच मरन काय, ताई?”

“हो,” मी म्हणाले. “इथे ठेवली तर वाचेल.”

ती सासूकडे पाहत राहिली, मग नवऱ्याकडे. तिला कोणी काही विचारलं नाही. आमच्या जबाबदारीवर नेतो, असं रफीकने लिहून दिलं आणि ते लोक गेले. सरांनी आरोग्यसेविकेला रोज घरी जायला सांगितलं. ती गेली की आजी दारातूनच म्हणायची, पोट्टी झोपली हाय.

आठवडा व्हायच्या आत नजमा एकटीच तिला रिक्षात घालून घेऊन आली. या वेळी तिने कोणाला विचारलं नव्हतं. मुलीला श्वास घेता येत नव्हता, ओठ निळे पडले होते. सरांनी आणि सिस्टरांनी जमेल ते सगळं केलं. दुपारी आफरीन गेली. मी स्वयंपाकघरात जाऊन, भांडी घासणाऱ्या बायांसमोरच रडले. लाज वाटली नाही. राग आला होता, आणि तो कोणावर काढावा ते कळत नव्हतं.

काही दिवसांनी रफीक मृत्यूचा दाखला न्यायला आला होता. काम झाल्यावर माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहिला. मी बसा म्हटलं, तो बसला नाही.

“म्याडम, एक सांगा. त्या दिवशी वजन वाढलं होतं ना?”

“वाढलं होतं.”

“काटा बरोबर होता?”

“काटा बरोबर होता. पाणी वाढलं होतं.”

त्याने दाखल्याची घडी घातली. मग म्हणाला, “तुमचं थे ओल्या कापसाचं मले समजलं होतं, म्याडम. पन अम्मी म्हने वाढलं, सिस्टर म्हने वाढलं, सारा वॉर्ड म्हने वाढलं. मी एकटाच कसा म्हनू का नाई वाढलं?”

खरं तर बोलूच नये अशी वेळ होती, पण मी विचारलं, “घरी डाळ का नाही शिजवली कधी? रोज नको, एखाद्या दिवशी?”

“डाळ आनली असती. थ्या धंद्यात तेवढं निघते.” त्याचा आवाज चढला नव्हता. “नजमा सकाळी जाते थे दिवे लागल्यावर येते. अम्मीले दिसत नाई, तिले स्टोव पेटवू देत नाई आमी. मी गाडीवर. डाळ शिजवली कोनं असती?”

दाखल्याची घडी खिशात घालून तो गेला. गाडी त्याने बंद केली नाही. बंद करून खाणार काय?

त्यानंतर आमच्या वॉर्डात वजन मोठ्याने सांगणं बंद झालं. सुजलेल्या मुलाचं वजन सांगायच्या आधी घरातल्या सगळ्यांना, बापालाही, सूज दाबून दाखवायची, असं ठरलं. काही जण तरीही उठून जातात.

आता निवृत्त होऊन मी अमरावतीत असते. महिला मंडळांत बोलायला बोलावतात. हमखास प्रश्न येतो, स्वस्तातलं फास्ट फूड गरिबांना पौष्टिक असतं का? विचारणाऱ्या बाईच्या डोळ्यांत बहुधा गरिबांबद्दल जरा रागच असतो, की हे लोक पोरांना नीट खाऊ का घालत नाहीत. मी सांगते, पोट भरतं. मोठ्या माणसाची एक वेळ निघते. त्यावर वाढणारं मूल मात्र वाढत नाही, कधी कधी जगतही नाही. आणि मग मी त्यांना सांगते, की मी आयुष्यभर आहाराचे तक्ते लिहून दिले, सकाळी हे, दुपारी ते. तक्ता द्यायच्या आधी त्या घरी चूल कोण पेटवतं, एवढं विचारावं. उत्तर कोणीच नाही असं आलं, तर तो कागद बोंडा बांधायच्याच कामाचा.