साडेतेहतीस किलोंचा मासा

दुकान उघडलं की मामा आधी गळ्यातली टेप काढायचा आणि कापायच्या टेबलाला ठोकलेल्या लोखंडी पट्टीशी लावून बघायचा. कापडी टेप वापरून वापरून ताणली जाते, आणि ताणलेली टेप खोटं बोलते, असं त्याचं म्हणणं. केसभर जरी फरक दिसला, तरी ती टेप गठ्ठे बांधायच्या कामाला जायची. त्यानंतर मशीनवरचं फडकं निघायचं आणि दिवस सुरू व्हायचा.

सहा दिवस कपडे, रविवारी तळं. सोबतीला प्लंबर, शाळेपासूनचा मित्र. तळ्याकाठी होड्या ठेवायची शेड होती. तिच्या भिंतीवर फळा होता, त्यावर आजवरच्या सगळ्यात मोठ्या माशाचं वजन आणि पकडणाऱ्याचं नाव रंगवलेलं. नऊ वर्षं तिथे प्लंबरचंच नाव होतं, साडेबत्तीस किलोंच्या कॅटफिशसाठी. लांब मिशांचा, बिनखवल्यांचा, चिखलाच्या रंगाचा मासा तो. मामाला त्या फळ्यावर एकदा आपलं नाव हवं होतं. तो तसं बोलून दाखवायचा नाही. पण शेडमध्ये डबा खाताना फळ्याकडे पाठ करून बसायचा, आणि मामीला तेवढं पुरेसं होतं.

"सवत परवडली असती," ती म्हणायची. "तिला निदान मिशा नसत्या."

एवढा जड मासा वजनकाट्याला टांगला तर त्याचा जबडा फाटतो. म्हणून तळ्यावरचा नियम असा, की त्याला ओल्या ताडपत्रीवर निजवायचं, लांबी आणि पोटाचा घेर मोजायचा आणि परत पाण्यात सोडायचं. सेंटिमीटरमधल्या लांबीला घेराने दोनदा गुणायचं, एकोणतीस हजारांनी भागायचं. उत्तर येईल ते अंदाजे वजन, किलोंमध्ये. मोजताना एक साक्षीदार हवा.

एका रविवारी दुपारी मामाची गळाची काठी पाण्यापर्यंत वाकली.

"ओढू नकोस. दमू दे त्याला," प्लंबर म्हणाला.

"दमतंय कोण ते दिसतंय ना तुला?"

पाऊण तासाने मासा काठाला आला. दोघांनी मिळून त्याला ताडपत्रीवर घेतलं. प्लंबरने त्याच्या डोळ्यांवर ओलं फडकं धरलं. मामाने टेप लावली. लांबी एकशे पंचेचाळीस, घेर ब्याऐंशी. मासा पाण्यात गेला, शेपटीने एकदा गढूळ करून दिसेनासा झाला, आणि मग प्लंबरने मोबाइलवर हिशेब केला. दोनदा केला.

"साडेतेहतीसच्या वर. गेलं माझं नाव." त्याने ओलाच हात पुढे केला. "पेंटरला मी सांगतो. नाहीतर तुझी बायको मला घरात घ्यायची नाही."

सोमवारी सकाळी शाळेतले एक मास्तर कोट शिवून घ्यायला आले. मामाने त्यांच्या छातीभोवती टेप फिरवली आणि नेहमीप्रमाणे त्याची दोन बोटं टेपच्या आत गेली. श्वास घ्यायला जागा राहावी म्हणून सगळेच शिंपी असं करतात. मामा त्या बोटांकडे बघत राहिला.

"काय झालं? माप वाढलं का?" मास्तरांनी विचारलं.

"तुमचं नाही," मामा म्हणाला.

मास्तर गेल्यावर त्याने कापडाच्या एका जाड गठ्ठ्याला टेप लावली. एकदा बोटं घालून, एकदा न घालता. तीन सेंटिमीटरचा फरक. मग टेबलावरच खडूने गुणाकार मांडला. एकतीसच्या जरासं वर. पुसून पुन्हा मांडला, तरी तेवढंच.

भर दुपारी दुकान बंद करून तो प्लंबर काम करत होता त्या घरी गेला. प्लंबर सिंकखाली आडवा होता, नुसते पाय दिसत होते.

"पेंटरला थांबव. घेर चुकलाय."

"टेप ताणलेली होती?"

"टेप बरोबर होती. मी दोन बोटं आत घातली. कोटाचं माप घेतात तसं."

सिंकखालून हसू ऐकू आलं. "माशाला श्वास घ्यायला जागा ठेवलीस?"

"एकतीस किलो येतंय."

"मी शेजारी होतो, मला काही बोटं दिसली नाहीत. मासा पाण्यात गेला. आता विचारणार कोण?"

"दर रविवारी तिथे बसून जेवायचंय मला."

प्लंबर बाहेर सरकला, हात पुसले. "बरं. पुढचा मी मोजीन. तो पाना दे इकडे."

मामीचे तोवर तिन्ही बहिणींना फोन करून झाले होते. तिने सगळं ऐकून घेतलं आणि पोळपाट जरा जोरातच ठेवला. "नऊ वर्षांनी एक मासा आला, तर त्याला कोट शिवून पाठवलात."

त्यानंतर सहा वर्षं मामा तळ्यावर जात राहिला. एक सत्तावीस किलोंचा मिळाला, एक बावीसचा. प्लंबरचं नाव फळ्यावर तसंच राहिलं, फक्त कडेचा रंग उडाला. शेवटचे दोन महिने मामाच्या छातीने त्याला घराबाहेर पडू दिलं नाही. तो गेला शुक्रवारी सकाळी, झोपेतच. आदल्या संध्याकाळी प्लंबर येऊन बसला होता. तो उठून दाराशी पोचला, तेव्हा मामा पलंगावरून म्हणाला, "रविवारी पलीकडच्या काठाला बसू, तिकडे पाणी खोल आहे. गांडुळं तू आण."